परबबाईंचं बोट

आमच्या लालबागच्या मोरेश्वर बिल्डिंगमधून आजवर बरीच हत्यारं निघाली. हॉकी स्टिका निघाल्या, सोड्याच्या बाटल्या निघाल्या, एकदा तर राणेकाकांच्या माळ्यावरून अख्खी तलवार निघाली आणि ती नाटकातली आहे हे पोलिसांना पटवता पटवता राण्यांचे केस पांढरे झाले. पण या सगळ्यांपेक्षा बिल्डिंग घाबरायची ती एकाच हत्याराला. सुलभा परब यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला.

या बोटाला बाकीच्या बाईंची परवानगी लागत नसे. बाई गॅलरीत बसून गवार मोडत असोत, नाहीतर देवापुढे हात जोडून उभ्या असोत. आसपास कुणी इंग्रजी शब्द वाकडा वापरला की ते बोट आपोआप वर यायचं. आधी बोट, मग डावी भुवई आणि मग तो आवाज, "पुन्हा म्हण."

तुम्ही पुन्हा म्हणायचं. तसंच चुकलं तर पुन्हा. एकदा रेशनिंगचा साहेब तपासणीला आला आणि "आय विल रिव्हर्ट बॅक" असं म्हणून निघाला. बाईंनी त्याला जिन्यावर थांबवलं. "रिव्हर्ट म्हणजेच बॅक. दोनदा मागे गेलात तर भिंतीला लागाल. पुन्हा म्हणा." साहेबाने पुन्हा म्हटलं. आमच्याच काय, साहेबाच्याही लक्षात आलं नाही की तो असं का करतोय.

बाई परळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. बुटक्या, काटक, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि वेणीत न चुकता एक अबोलीचा गजरा. परबकाका गिरणीत होते. ते इंग्रजीचा एकही शब्द बोलत नसत, त्यामुळे संसार सुखाचा झाला. काका गेले, मूलबाळ नव्हतं, शाळेतून निवृत्त झाल्या; मग राहिली ती तळमजल्यावरची मंडळाची खोली. नोकरीत असल्यापासूनच दर रविवारी सकाळी तिथे बाई बिल्डिंगच्या पोरांना इंग्रजी शिकवायच्या, फुकट. आम्ही सगळे त्याच खोलीतून शिकून बाहेर पडलो. माझ्या मागून माझी पुतणी सोनालीसुद्धा.

"बाई, तुम्हाला इंग्रजीची इतकी आवड कशी काय लागली?" असं एकदा मी भाबडेपणाने विचारलं होतं.

"आवड?" बाईंनी गवारीची शेंग अशी मोडली, जणू कुणाची मान. "मी इंग्रजी आवडीनं नाही शिकले रे. सूड म्हणून शिकले."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती त्या दरवेळी थोडी वेगळी सांगत, पण गाभा हाच. मॅट्रिक, टायपिंग वगैरे करून मुलगी फोर्टातल्या एका कचेरीत मुलाखतीला गेली. घरातली एकुलती एक बरी साडी. साहेबाने शिक्षण विचारलं. ती छाती काढून म्हणाली, "आय पास्ड आउट इन फर्स्ट क्लास." साहेब म्हणाला, "अरेरे, मग शुद्धीवर कधी आलात?" आणि टेबलापलीकडचे सगळे हसले. पाणी घेऊन आलेला शिपाईसुद्धा, न कळता, हसला.

"नोकरी नाही मिळाली?" मी विचारलं.

"मिळत होती. मी घेतली नाही. म्हटलं, आधी यांची भाषा घेते, मग यांना बघते."

आणि बघितलंसुद्धा. पुष्कळ वर्षांनी गिरगावातल्या एका मिठाईच्या दुकानात तोच साहेब, आता म्हातारा, काउंटरवरच्या माणसाला म्हणत होता, "लेस पेढाज धिस टाइम." मागे रांगेत परबबाई. बोट वर. "फ्यूअर, सर. पेढे मोजता येतात." म्हातारा गोरामोरा झाला. "फ्यूअर," तो म्हणाला. बाई पेढे न घेताच घरी आल्या.

"त्यानं तुम्हाला ओळखलं?"

"छे."

"मग त्यात सूड कसला?"

"मी ओळखलं ना? पुरे की."

ही गोष्ट खरी की रचलेली, मला माहीत नाही. पण ती सांगताना बाईंच्या गालावर जो रंग यायचा तो लग्नाच्या फोटोतसुद्धा नव्हता.

तरी या बोटाला काही कायदेकानून होते. मासेवाली "आज पापलेट व्हेरी टॉप" म्हणाली तर बोट पदराखाली गुमान पडून असायचं. टॅक्सीवाला, वॉचमन, बेस्टचा कंडक्टर, सगळ्यांना माफ. "ज्याचं पोट इंग्रजीवर नाही त्यानं ते कसंही बोलावं," बाई म्हणत. "जो इंग्रजीची काठी करून दुसऱ्याच्या डोक्यात घालतो, त्याची काठी मी मोडणार." आणि आम्ही पोरं? आमच्या चुका त्या काढत ते आम्ही त्यांचे म्हणून.

'प्रीपोन' या शब्दावर मात्र त्यांचं उघड प्रेम. एका इंग्रजी शाळेतल्या पाहुण्या मॅडम म्हणाल्या की असा शब्दच नाही. बाई उसळल्या. "नसेल तिकडे. ज्यांनी जन्मभर आपली कामं पुढे ढकलली त्यांना अलीकडे ओढायचा शब्द कशाला सुचेल? तो आपला आहे. त्याला हात लावायचा नाही."

आणि मेस्त्रीकाकूंचा कुकर! मेस्त्रीकाकू शेजारच्या खोलीतल्या. मुलगा दुबईला लागल्यापासून त्यांना इंग्रजीची उबळ यायची. एकदा दारात येऊन म्हणाल्या, "सुलभा, तुझा मोठा कुकर जरा बॉरो दे गो."

बोट वर. "बॉरो तू करणार. मी लेंड करणार. पुन्हा म्हण."

"अगो, पाव्हणे इले हत! डाळ शिजायची हा!"

"डाळ थांबेल. पुन्हा म्हण."

काकूंनी तीनदा प्रयत्न केला, तिन्हीदा बॉरोच आलं. शेवटी कुकर मिळाला, पण शिट्टी बाईंनी ठेवून घेतली. "बरोबर म्हणशील तेव्हा शिट्टी." त्या दिवशी मेस्त्र्यांच्या पाहुण्यांनी आमटी नुसत्या पातेल्यात शिजलेली खाल्ली आणि काकू बाईंशी गौरीपर्यंत बोलल्या नाहीत.

आता नित्याकडे येतो. नितीन घाडी माझ्याबरोबरचा. त्याच खोलीत, त्याच चटईवर आम्ही बसलो. नित्या हुशार, पण जीभ अडखळायची. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी बाईंनी त्याला महिनाभर रोज संध्याकाळी तालीम दिली. खोलीत टेबल मांडून त्या स्वतः साहेब व्हायच्या, आणि साहेब कसा हसतो तेही करून दाखवायच्या. मुलाखतीच्या दिवशी परबकाकांच्या लग्नातला टाय त्याच्या गळ्यात स्वतः बांधला. नित्याला नोकरी लागली तेव्हा बाईंनी बिल्डिंगभर साखर वाटली. मला लागली तेव्हा नुसतं "बरं" म्हणाल्या. असो.

नित्या पुढे मोठा माणूस झाला. एका कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट, गाडी, ब्लेझर, आणि सोसायटीचा चेअरमन. त्याच्या बोलण्यात हॉटेलच्या लॉबीत येतो तसा वास यायला लागला. कुठल्याशा परदेशी बॉसकडून त्याने एक शब्द उचलला होता, 'इर्रिगार्डलेस'. 'रिगार्डलेस' हा चांगला धडधाकट शब्द असताना त्याला पुढून आणखी एक नकार चिकटवलेला. नित्या तो कुठेही लावायचा. पाण्याची टाकी धुवायची, इर्रिगार्डलेस. उंदीर मारायचे, इर्रिगार्डलेस.

आणि मग ती मीटिंग झाली. नित्याने जाहीर केलं की मंडळाची खोली आता एका ब्रँडेड स्पोकन इंग्लिश क्लासला द्यायची. एसी, प्रोजेक्टर, काचेचं दार. कुणीतरी मागून विचारलं, "मग बाईंचा रविवार?"

नित्या हसला. मला ते हसू ओळखीचं वाटलं. बाईंनी तालमीत करून दाखवलेलं तेच.

"बाईंचा आम्हाला फुल रिस्पेक्ट आहे. पण लेट्स बी प्रॅक्टिकल. बाईंचं इंग्लिश म्हणजे ट्रंककॉलच्या जमान्यातलं, मराठी मिडियमचं. इर्रिगार्डलेस ऑफ सेंटिमेंट्स, मुलांना ग्लोबल एक्स्पोजर मिळायला पाहिजे ना!"

दोन-चार जण हसले. न कळता.

अख्ख्या बिल्डिंगने माना वळवल्या. बोट वर यायला लागलं होतं. अर्ध्यापर्यंत आलं. तिथे थांबलं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

"बरोबर आहे तुमचं, मिस्टर घाडी," बाई म्हणाल्या.

मिस्टर घाडी! ज्याला चड्डी सावरता येत नव्हती तेव्हापासून 'नित्या' म्हटलं त्याला. नित्याला मात्र वाटलं, ठराव पास झाला.

जिन्यावर मी त्यांना गाठलं. "बाई, त्याचं इर्रिगार्डलेस सोडून दिलंत?"

"सोडलं नाही. त्याच्यापाशीच ठेवलं." त्या कठड्याला धरून दम घेत होत्या. "चूक काढते मी ती आपल्या माणसाची, नाहीतर दुश्मनाची. हा आता कुणीच नाही. जाऊ दे त्याला तसाच, जगभर, मिरवत."

"आणि खोली?"

"खोली मी घेणार. आणि त्याला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही." हे म्हणताना म्हातारी इतकी गोड हसली की मी दोन पायऱ्या मागे सरकलो.

खोलीला काचेचं दार लागलं. पोरांच्या चटया गुंडाळून जिन्याखाली टाकल्या. रविवारी बाई गॅलरीत नुसत्या बसून राहायच्या आणि पोरं त्यांच्याकडे न बघता क्रिकेट खेळायची. असा श्रावण गेला आणि गणपती आले.

गणपतीत आमच्याकडे एक संध्याकाळ फिशपाँडची असते. ज्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते खाल्लेत त्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. चौकात एक पत्र्याचा डबा टांगतात. त्यात कुणीही निनावी चिठ्ठी टाकावी, बिल्डिंगमधल्या कुणावरही, जितकी बोचरी तितकी उत्तम. मग स्टेजवरून आधी टोमणा वाचला जातो, लोक ओळखायचा प्रयत्न करतात, आणि सगळ्यात शेवटी नाव. ज्याचं नाव येईल त्याने हसत वर जायचं, कमरेत वाकायचं आणि गुलाबाचं फूल घेऊन खाली यायचं. रागवायचं नाही. पण खरी गंमत अशी की टोमणा बसला म्हणून कुणी रडत नाही. रडतो तो, ज्याच्या नावाची चिठ्ठीच निघत नाही. अहो, म्हणजे तुम्ही बिल्डिंगमध्ये राहता हे कुणाच्या लक्षातच नाही!

यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांना धार लावून मिळायची ती परबबाईंकडे. लोक कच्चा माल घेऊन जायचे, बाई दोन शब्द फिरवायच्या आणि सुरी तयार. त्या वर्षी कच्चा माल एकाच माणसाबद्दल होता. ब्लेझर, काचेचं दार, गाडीचं पार्किंग. प्रत्येकाकडे नित्यावर एक तरी चिठ्ठी होती. रांगच लागली. बाई प्रत्येकाची वाचत, खुदखुदून हसत, "फार सुंदर आहे," म्हणत, आणि ती परत हातात देत. "टाकू नको."

"का बाई? बसेल ना चांगली!"

"म्हणूनच. टोमणा म्हणजे मान असतो रे. एवढा मान कशाला त्याला?"

मेस्त्रीकाकूंना तर हे असह्य झालं. त्यांची चिठ्ठी सगळ्यात जहाल होती. "अगो सुलभा, एक तरी टाकूंक दी! माझ्या पोटात दुखता!"

"दुखू दे. कुकरची शिट्टी देते, पण चिठ्ठी नाही."

त्या संध्याकाळी नित्या क्रीम रंगाचा ब्लेझर घालून पहिल्या रांगेत. एका बाजूला सासुरवाडीची माणसं, दुसऱ्या बाजूला त्या ब्रँडेड क्लासचे मालक. त्यांना तो सांगत होता, "दरवर्षी मीच टार्गेट नंबर वन. यू विल एन्जॉय." मी पडद्याच्या दोरीपाशी होतो, मला सगळं ऐकू येत होतं. बाई चौथ्या रांगेत, मांडीवर हात, पोरांच्या घोळक्यात.

सोनाली एकेक चिठ्ठी वाचत होती. राण्यांवर तलवारीची निघाली. माझ्यावर पोटाची निघाली; सुरी बाईंचीच, मी धार ओळखतो. मेस्त्रीकाकूंवर निघाली. वॉचमनवर निघाली. दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरावर निघाली, आणि मांजराचं फूल घ्यायला त्याची मालकीण वाकत-बिकत वर आली. प्रत्येक चिठ्ठीला नित्या हसण्याची तयारी करायचा, थोडा पुढे सरकायचा, आणि नाव भलतंच. डबा रिकामा व्हायला आला. सासरेबुवांनी घड्याळात बघितलं. क्लासचे मालक मोबाईल बघायला लागले. नित्याच्या कपाळावर पावडर ओली झाली.

मग वडे आले, मध्यंतर झालं. सगळे वड्यांकडे गेले. आणि मी पडद्याआडून बघितलं: चेअरमनसाहेब माइक तपासायला म्हणून स्टेजपाशी आले, इकडेतिकडे बघितलं, आणि खिशातून काहीतरी काढून डब्यात टाकलं.

मध्यंतरानंतर सोनालीने डब्यात हात घातला. "अरे वा, अजून एक आहे! इंग्रजीतून आहे हं. ऐका." ती वाचायला लागली, "हू इज द लायन ऑफ मोरेश्वर बिल्डिंग, इर्रिगार्डलेस ऑफ हिज बिझी शेड्युल…"

त्या शब्दासरशी चौथ्या रांगेतली सगळी पोरं बाईंच्या बोटाकडे वळली. बोट मांडीवर शांत होतं.

आणि पहिल्या रांगेत नित्या उभा राहिला.

उभा राहिला, ब्लेझरचं बटण लावलं, "काय हे, मलाच का" असा चेहरा केला, दोन्ही हात लोकांकडे बघून जोडले आणि स्टेजच्या पायरीवर पाऊल ठेवलं. सोनाली बिचारी निरागस पोरगी. तिने माइकवरूनच विचारलं, "काका, नाव कुठे वाचलंय अजून?"

चौकात एवढी शांतता मी विसर्जनानंतरच ऐकली आहे. वर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मग मेस्त्रीकाकूंच्या तोंडून एक आवाज निघाला. कोंडलेल्या कुकरची शिट्टी उडावी तसा. आणि अख्खी बिल्डिंग फुटली. लोक खुर्च्यांवरून घसरले. राण्यांनी भिंतीला डोकं टेकलं. क्लासचे मालक समजून न समजून सगळ्यात जोरात हसत होते. एका पायरीवर अडकलेल्या नित्याला वरही जाता येईना, खालीही येता येईना.

हसू ओसरलं तेव्हा बाईंचा आवाज आला, वर्गातल्यासारखा स्वच्छ. "वेल रेड, सोनाली."

बस्स, वाचनाला शाबासकी. त्याच्याबद्दल एक अक्षर नाही.

विसर्जन झालं, पण ते वाक्य काही बुडालं नाही. मीटिंगमध्ये नित्या बोलायला उठला की मागून कुणीतरी हळूच म्हणे, "काका, नाव कुठे वाचलंय अजून?" लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय असो की पाण्याचा, तेच. पोरंसोरं जिन्यात म्हणत, मोठी माणसं वॉट्सअ‍ॅपवर म्हणत. क्लासच्या मालकांकडे बिल्डिंगमधलं एकही पोर फिरकलं नाही. दिवाळीनंतर त्यांनी प्रोजेक्टर काढून नेला.

बाई पुढच्या होळीआधी गेल्या. मी तेव्हा गावी होतो, त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून माझ्याजवळ आहे तो त्याआधीचा एक रविवार.

खोलीत पुन्हा चटया अंथरल्या होत्या. काचेचं दार बिजागरीतून निखळलेलं, ते बसवायला मी उकिडवा बसलो होतो. बाई पोरांना 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइज' शिकवत होत्या. दारात नित्या आला. ब्लेझर नव्हता. साधा शर्ट, हातात खोलीच्या चाव्या.

"बाई, चाव्या द्यायच्या होत्या. खोली तुमचीच."

"थँक यू, मिस्टर घाडी." बाईंनी चाव्या घेतल्या.

नित्या हलेना. घसा खाकरून म्हणाला, "बाई, आय वॉन्टेड टू डिस्कस अबाउट वन थिंग."

पोरांनी माना वर केल्या. 'डिस्कस'ला 'अबाउट' लावणं ही पहिल्या रविवारची चूक. नित्याला ती माहीत नसेल? त्याची नजर बाईंच्या चेहऱ्यावर नव्हती. ती त्या बोटावर होती.

बोट शांत.

"आय अ‍ॅम हॅविंग वन डाउट," नित्या म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. "माय… माय कझिन ब्रदर… ही पास्ड आउट…"

अहो, मला ते बघवेना. पन्नाशीचा माणूस, दारात उभा राहून एकेक चूक अशी समोर ठेवत होता, जशी पोरं हात पुढे करतात छडीसाठी. आणि मला दिसत होतं, पोरांना दिसत नव्हतं: पदराखाली ते बोट थरथरत होतं. ते वर यायला लागलं. बाईंनी डाव्या हाताने ते घट्ट धरलं आणि दाबून ठेवलं. बोटं पांढरी पडली.

"व्हेरी गुड, मिस्टर घाडी," बाई म्हणाल्या. "युअर इंग्लिश इज एक्सलंट."

नित्याने रिकामे हात खिशात घातले. मग मान हलवून चौकात उतरला.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. दाराचा स्क्रू हातात होता, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडचा स्क्रू-ड्रायव्हर जरा बॉरो देता का?"

डाव्या हातातून ते बोट असं सुटलं की बास! भुवई चढली. गालावर तो पेढ्यांच्या दुकानातला रंग आला.

"पुन्हा म्हण!"

आवाज खणखणीत होता, चौकभर गेला. अर्ध्या चौकात पोचलेला नित्या जागच्या जागी थांबला. झटक्यात मागे वळला, चेहरा उजळलेला, बोलायला तोंड उघडलेलं.

त्याला दारातून बोट दिसलं. ते माझ्याकडे होतं.